नानांचा हब

प्रेसमधून रिटायर झालेली माणसं नाशिक रोडला तीन प्रकारची आढळतात. पहिली सकाळ-संध्याकाळ मुक्तिधामला जातात, दुसरी लोकांचे प्लॉट विकून देतात आणि तिसरी घर स्मार्ट करायला घेतात. जेल रोडच्या आमच्या सोसायटीतले नाना तिसऱ्यातले.

करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. तिथं नानांची हयात गेली. छापलेलं मोजायचं, बिघडलेलं मोजायचं, सुटताना झडती द्यायची. अशा माणसाला मुलानं पुण्याहून चार वायफाय बल्ब आणि एक बोलका डबा पाठवला.

"नाना, नुसतं बोलायचं, दिवा लागतो."

"मी बोललेलं जातं कुठं?"

"कंपनीच्या सर्व्हरवर. असेल परदेशात कुठंतरी."

"म्हणजे माझ्या संडासातल्या दिव्याचा अर्ज परदेशी जाणार, मंजूर होऊन परत येणार, आणि तोवर मी दारात उभा?"

शिवाय काकू निजताना सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करत. वीज गेली की बल्बची अक्कलही जाई. डब्याला २०१९ पासून हिंदी येते, म्हणून काकूंनी एकदा "अलेक्सा बेटा, बत्ती लाव दो" असं सांगून पाहिलं. तेव्हापासून दोघींचा अबोला आहे.

मग नानांनी घराला स्वतंत्र हब, म्हणजे सगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारा डबा, घ्यायचं ठरवलं. फाइल उघडली, तुलनात्मक तक्ता आखला. बिटको चौकातल्या दुकानदाराला त्यांनी विचारलं, "झिगबी आहे का?" त्यानं मच्छर मारायची बॅट काढली.

चहाच्या टपरीवर मात्र नाना आम्हाला झिगबी ही उपकरणांची आपसातली बिनतारी भाषा इतकी सोपी करून सांगतात की इंजिनिअरनंही ऐकावं. "विजेवर चालणारं उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढच्याला पोचवतं. सेलवरचं तेवढं आपलं सांगून झोपतं. आमच्या रात्रपाळीत दोन्ही जातीचे होते." मॅटरबद्दल विचारलं तर म्हणतात, "२०२२ साली सगळ्या कंपन्यांनी मिळून एक भाषा काढली. युनियन एक झाली हो, पण ऑफिसं अजून ज्याची त्याची!"

आठ महिन्यांनी तक्ता पुरा झाला. निवड ठरली: रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यावर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. कारण एकच. हुकूम घरातच सुटतो आणि घरातच बजावला जातो, नेट बंद पडलं तरी दिवा लागतो. "आतला कागद गेटबाहेर जाता कामा नये," नाना म्हणाले. एवढी वर्षं रोज झडती दिलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

पार्सल आलं. काकूंच्या बटणावर उपाय म्हणून भिंतीत बसणारे स्मार्ट स्विचही आले. इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, जुनी वायरिंग आहे. बोर्डात फेजच आहे, न्यूट्रल आणलेलीच नाही. हे स्विच चालायचे नाहीत. भिंती फोडाव्या लागतील."

नाना बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. "आई आणि ही, या दोघींमध्ये या घरात न्यूट्रल मी एकटाच होतो," एवढंच बोलले.

हब आता कपाटात आहे. नाना दर पहिल्या तारखेला नग मोजून ठेवतात. तुम्हीही हब घ्यायला निघाला असाल, तर आधी बोर्ड उघडून बघा. तक्ता मागाहून आखा.