नियम क्रमांक ५८ यांना अनावृत पत्र

प्रति,
मा. नियम क्र. ५८,
विकास नियंत्रण नियमावली १९९१,
मुक्काम गिरणगाव, मुंबई.

विषय : भागाकार उत्तम केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

स. न. वि. वि. गिरणगावात आजवर शाल-श्रीफळ देऊन अनेकांचे सत्कार झाले; आपला मात्र राहून गेला. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कित्येक जण कोकणात, घाटावर परतले. तरीही लालबाग-परळच्या चाळी भरलेल्या होत्या, खानावळीतल्या बायका पोळ्या लाटत होत्या. जी वस्ती संपाने उठली नाही, ती आपण कागदावर उठवलीत.

जन्मतः आपण सज्जन होता, हे कबूल. सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन सुमारे ६०० एकर. तिचा विकास होताना ढोबळमानाने एक वाटा महापालिकेच्या मैदानांना, एक म्हाडाच्या परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला, असे आपले १९९१ चे गणित. मालकांना अशी तीन भावांतली वाटणी कुठून रुचणार? त्यांनी सबुरी धरली, आणि सबुरीचे फळ त्यांना २००१ मध्ये मिळाले.

त्या वर्षी आपल्यात जी दुरुस्ती झाली, तिला खरे तर वाङ्मयाचा पुरस्कार द्यायला हवा. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची. शेड, गोदाम, कचेरी ज्यावर उभी आहे ती जमीन वाटणीबाहेर. आता गिरणी म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या शेडच की! मोकळे काय, तर फाटकापासून साचेखात्यापर्यंतची वाट. शेड पाडली तरी तिच्याखालची जमीन मोकळी होत नाही, हे तत्त्वज्ञान तर भल्याभल्या वेदान्त्यांना सुचले नसते. उच्च न्यायालयाला ते २००५ मध्ये पटले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी उचलून धरले. हे निकाल लागण्याआधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जमिनींचे लिलावही उरकले होते. मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना गेली, कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटींना.

कामगाराला काय मिळाले? सोडत. हक्क म्हणून मागितलेले घर नशीब म्हणून मिळू लागले. २८ जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची, साडेसात लाख रुपयांची. तीस वर्षे वाट पाहिलेला बदली कामगार किंवा त्याचा वारस गिरणगावातच पुन्हा उभा राहिला, ही आनंदाचीच गोष्ट आणि तिची थट्टा करण्याचा पत्रलेखकाचा हेतू नाही. पण लोअर परळच्या श्रीनिवास मिलचा हिशेब पाहावा. त्या जमिनीवर २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन टॉवर उभा राहिला आणि २०२० च्या सोडतीत त्याच गिरणीच्या वाट्यातून कामगारांना आली ५४४ घरे. आपला तिसरा हिस्सा तो हाच असावा.

काहींच्या नशिबी तर पनवेलजवळचे कोन गाव आले. एमएमआरडीएने भाड्याच्या योजनेसाठी बांधलेल्या तिथल्या इमारतींतल्या २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. ताबा मिळायच्या आधी तिथे करोनाचे रुग्ण राहून गेले. विजेते बाहेरच.

आता सरकारने अनुदानाचा उपाय काढला आहे. बदलापूरच्या पुढे वांगणी आणि शेलू इथे ८१ हजार घरांची योजना. १५ लाखांच्या घरातले साडेपाच लाख सरकार भरणार, साडेनऊ कामगाराने द्यायचे. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आता सत्तरीला आला. त्याचे केईएम परळला, टाटा रुग्णालय परळला, मुलाची नोकरी तिथल्याच एखाद्या काचेच्या इमारतीत. त्याने कर्जत लोकलला लटकत यावे, यासाठी हे प्रोत्साहन! जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी मुंबईतच घर मागितले, तेव्हा 'मुंबईत जागाच नाही' हे उत्तर तयार होते. जागा कुठे गेली, हे आपल्याइतके नेमके कुणाला ठाऊक असणार?

अनुदान वाईट नाही. पण ज्या वस्तीत माणसाला टिकवायचे, त्याच वस्तीतून त्याला बाहेर नेण्यासाठी ते खर्च होत असेल, तर त्याला प्रवासभत्ता म्हणावे.

कळावे, लोभ असावा, जमीन तर गेलीच.

आपला,
प्रतीक्षेतला एक वारस

ता. क. : २०२० पर्यंतच्या सोडतींत मिळून १५,८७० घरे निघाली. अर्ज करणारे कामगार आणि वारस सुमारे पावणेदोन लाख आहेत.