भांडण छापून मिळेल

मोबाइलवरचं भांडण मोबाइलवरच राहिलं तर ती नुसती कुरबुर. तिला भांडणाचा दर्जा यायचा तर ती ए-फोर कागदावर उतरली पाहिजे, पानांवर नंबर पडले पाहिजेत आणि डाव्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन बसली पाहिजे. देहूरोडला तर हे जास्तच लागू. इकडे कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिकडे दारूगोळ्याचा डेपो, पलीकडे ऑर्डनन्स फॅक्टरी. इथला माणूस पासशिवाय गेट ओलांडत नाही आणि शिक्क्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. अशा नागरिकांच्या सोयीसाठी सदर मार्गदर्शन.

भांडण कोणतंही चालेल. उदाहरणादाखल अनामतीचं घेऊ, कारण ते घरोघरी सापडतं. समजा तुम्ही विकासनगरातली भाड्याची खोली सोडली आणि तीस हजारांची अनामत घरमालक काकांकडे अडकली. बोलणी सगळी व्हॉट्सअपवर. आधी ‘बघतो’, मग ‘पुढच्या आठवड्यात नक्की’, मग ‘रंगाचे पैसे कापावे लागतील’, आणि त्यानंतर नुसतेच ब्लू टिक. कोणीतरी सल्ला देतो, ‘सगळं प्रिंट काढून ठेव.’ हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी प्रिंट काढलेली नसते.

पूर्वतयारी. डार्क मोड बंद करा. काळ्या पडद्याचे चाळीस स्क्रीनशॉट घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर टोनर संपतो आणि काकांच्या आधी दुकानदाराशी भांडण होतं. चॅटच्या मागे विठोबाचा किंवा धाकट्याच्या बारशाचा फोटो लावला असेल तर तोही काढा. प्रत्येक पानावर देवाला साक्षीला उभं करण्याची गरज नाही. फोन चार्ज करा, नाहीतर ‘बॅटरी ३ टक्के’ हे वाक्य पुराव्याचा भाग होतं. आणि नोटिफिकेशन बंद ठेवा. तुम्ही काकांच्या बुडवेगिरीचा पुरावा गोळा करत असताना वरच्या पट्टीत ‘आपला हप्ता थकीत आहे’ असं आलं, तर ते कागदावर कायमचं राहतं.

आता स्क्रीनशॉट. लष्करी हद्दीत फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या असतात. त्या स्क्रीनशॉटला लागू नाहीत. मात्र काही ज्येष्ठ मंडळी एका फोनच्या पडद्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढतात. त्यात ट्यूबलाइट येते, स्वतःचा चश्मा येतो, मजकूर तेवढा येत नाही. हा उद्योग करायचाच तर घरात करावा. डेपोच्या कुंपणाला टेकून दोन फोन समोरासमोर धरलेला माणूस बरा दिसत नाही.

स्क्रीनशॉट घेताना आधीच्या पडद्यावरचा शेवटचा मेसेज पुढच्या पडद्यावर सगळ्यात वर आला पाहिजे. असं केलं नाही तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारतो, ‘मधलं काय गाळलंत?’ आणि आपण नेमकं काहीतरी गाळलेलं असतं. नावाऐवजी नंबर दिसेल असाही एक पडदा घ्या. तुमच्या फोनमध्ये ‘मालक काका’ कोणालाही म्हणता येतं.

खरी अडचण तारखेची. ताज्या मेसेजवर व्हॉट्सअप तारीख टाकत नाही. ‘आज’, ‘काल’, फार तर ‘मंगळवार’. सुनावणी दोन वर्षांनी लागते, तेव्हा त्या कागदावरचा ‘काल’ कुठल्या सालचा, हे सांगता येत नाही. आठवडा उलटला की पूर्ण तारीख दिसू लागते, म्हणून थांबावं. दुपारच्या लोकलसाठी देहूरोड स्टेशनवर बसलेल्या माणसाला थांबण्याचं विशेष वाटू नये. पण थांबायचं तर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला समोरच्याला साठ तासांच्या आसपास मुदत असते, आणि पंधरा मिनिटांच्या आत तो मेसेज बदलूही शकतो. म्हणजे थांबलात तर मेसेज जातो, न थांबलात तर तारीख जाते. यावर शास्त्रोक्त उपाय असा, की स्क्रीनशॉट दोनदा घ्यावेत: एकदा रागाच्या भरात, एकदा आठवड्याने. छपाईचा खर्च दुप्पट होतो, पण अनामत तीस हजारांची आहे. अजून नुकसानीत नाही.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी एक्सपोर्टचा मार्ग धरावा. चॅट उघडा, कोपऱ्यातले तीन ठिपके, मग ‘मोअर’, मग ‘एक्सपोर्ट चॅट’. फोटोंसकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज निघतात, फोटोंविना ४०,०००. (ज्या कोणाचं घरमालकाशी ४०,००० मेसेजचं बोलणं झालंय, त्याने अनामत विसरून एकत्र राहायलाच जावं.) यात तारीख, वेळ, नाव, मजकूर सगळं ओळीने येतं. गोम नावात आहे. फोनमध्ये ज्या नावाने नंबर सेव्ह केला तेच नाव प्रत्येक ओळीला लागतं. तुम्ही ‘खडूस म्हातारा’ असं सेव्ह केलं असेल तर तुमच्या पुराव्यात ‘खडूस म्हातारा: गुड मॉर्निंग’, ‘खडूस म्हातारा: बाळाला बरं आहे का?’ अशा दोनशे ओळी येतात आणि न्यायाधीशांची सहानुभूती तिसऱ्या पानावर पक्ष बदलते. आधी नाव बदला, मग एक्सपोर्ट करा.

शिवाय फोटोंविना काढलेल्या फाइलमध्ये फोटोच्या जागी नुसतं ‘मीडिया ओमिटेड’ येतं. काका रोज सकाळी गुलाबाच्या फुलांवर सुविचार पाठवतात. ‘प्रामाणिकपणा हाच खरा दागिना’ हा सुविचार त्यांनी रंगाचे पैसे कापले त्याच सकाळी धाडला होता. एक्सपोर्टमध्ये तो दागिना गळून पडतो. तेवढ्यासाठी स्क्रीनशॉट लागतोच, आणि तो रंगीत.

साध्या एसएमएसचं काय? त्यात आता बँक, गॅस आणि ओटीपी एवढेच बोलतात. त्यांच्याशी भांडण झालं तर स्क्रीनशॉटच घ्यावेत.

मूळ चॅट मात्र फोनवरून उडवू नका, आणि बॅकअप दुसरीकडे ठेवा. ही शिकवण आपल्याला शेजारच्या देहूने कधीच दिलेली आहे. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली, ही कथा सगळ्यांना पाठ असते. पण तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे अभंग लिहून ठेवत, ते मूळचे चाकणचे आणि त्यांची समाधी सुदुंबऱ्याला, हे फोन पाण्यात पडल्यावर आठवतं. नदीवर भरवसा ठेवायला आपण तुकाराम नाही. आपल्याला संताजी लागतो.

यानंतर दुकान. फाइल पेनड्राइव्हवर नेण्याचा काळ गेला. दुकानाचा नंबर भिंतीवर चिकटवलेला असतो, त्यावर व्हॉट्सअप करायचं. म्हणजे व्हॉट्सअपवरचं खासगी भांडण छापण्यासाठी ते आधी व्हॉट्सअपवरून तिसऱ्याला पाठवायचं. काउंटरवरचा पोरगा ते मोठ्या स्क्रीनवर उघडतो. तुमच्या मागे आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी तिघेजण उभे असतात आणि तिघेही वाचू लागतात.

‘काका, कलर की ब्लॅक?’

‘ब्लॅक. गुलाबाचं पान तेवढं कलर.’

‘एका पानावर दोन टाकू की चार? चार टाकले तर बारीक दिसेल.’

‘दोन टाक. कोर्टाचं आहे.’

‘मग लीगल साइझवर काढू का?’

इथे नाही म्हणा. लीगल साइझच्या कागदावर छापल्याने मजकूर कायदेशीर होत नाही, फक्त फाइलबाहेर डोकावतो. तेवढ्यात मागच्यांपैकी एक जण, बहुधा निवृत्त सुभेदार, चश्मा वर करून म्हणतात, ‘रंगाचे पैसे कापायचा अधिकार असतो हो मालकाला.’ वाद घालू नका. तेवढ्यात त्या पोराच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक्सपोर्टच्या फाइलमधल्या इमोजींचे चौकोन झालेले असतात ते पाहा. काकांनी जोडलेले हात, तुम्ही पाठवलेला लाल तोंडाचा चेहरा, सगळ्यांचा एकच रिकामा डबा. वाक्य उरतं, सूर जातो. ‘ठीक आहे’ नंतर हसरा चेहरा होता की रागीट, यावर पुढे तासभर उलटतपासणी होऊ शकते. दुकानात पीडीएफ करूनच न्यावी, म्हणजे चेहरे शाबूत राहतात.

गठ्ठा घरी आणून एकदा सलग वाचा. ही पायरी कोणी करत नाही. पडद्यावर आपण नेहमी डावीकडचं वाचतो, समोरच्याचं. कागदावर उजवी बाजूही दिसते. निम्मी वाक्यं आपली असतात. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ‘तुमच्यासारखी माणसं’ ही सुरुवात आपली. काकांच्या सासुरवाडीचा उल्लेख आपला. किचन ओट्याला तडा गेल्याची कबुलीही आपलीच, जून महिन्यात, अगदी सहज दिलेली: ‘काका, कुकर पडला होता, पण भरून घेतो.’ पान तेरा. ते पान काढून टाकावंसं वाटतं. काढू नका. तोच गठ्ठा काकांच्या फोनमध्ये आहे आणि त्यांच्या पुतण्यालाही एक्सपोर्ट करता येतं.

आता कायदा. आपण छापलेलं कोर्ट जसंच्या तसं मानेल असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पूर्वीच्या ‘६५ ब’ ऐवजी आता कलम ६३. त्याप्रमाणे प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय नंबर आणि रंगही विचारलाय. रंग पाहण्यासाठी गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा कव्हर काढावं लागतं आणि फोन निळा निघतो. पुढे हॅश व्हॅल्यूचा रकाना आहे. फाइलवरून काढलेला हा एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये स्वल्पविराम हलला तरी तो बदलतो. झेरॉक्सवाल्या पोराला याबद्दल विचारू नये. तो लॅमिनेशन सुचवतो.

या प्रमाणपत्राची थोरवी पटवायला जालना पुरेसं आहे. २०१४ ची विधानसभा, उमेदवारी अर्जाची अंतिम वेळ २७ सप्टेंबर, दुपारी ३. अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. पराभूत कैलास गोरंट्याल म्हणाले, अर्ज तीननंतर दिला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण त्याला साक्षी आहे. चित्रण मिळालं, त्यासोबतचं प्रमाणपत्र मागूनही मिळेना. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष ग्राह्य धरून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल आला: प्रमाणपत्र सक्तीचंच, पण इतका प्रयत्न करूनही ते मिळालंच नाही, तर माणसाने अशक्य ते करावं अशी अपेक्षा नाही. तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गोरंट्याल आमदार झाले होते. घड्याळातल्या काही मिनिटांवरून सुरू झालेल्या वादाचा निकाल पावणेसहा वर्षांनी लागला. तुमची अनामत अजून तरुण आहे.

त्याच निकालात एक पळवाटही सांगितली आहे. मूळ फोनच कोर्टात आणून फोनच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्र लागत नाही. पण फोन कोर्टात ठेवून घेतला तर परतीच्या रिक्षाचे पैसे कशाने देणार, याचा विचार आधी करून जा.

दिलासा एवढाच, की ब्लू टिकला मान आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सअपवरून पाठवलेली पीडीएफ नोटीस पोचली असं मानलं. कारण ती नुसती पोचली नव्हती, उघडलीही होती, हे टिक सांगत होते. तेव्हा ब्लू टिक दिसणारे स्क्रीनशॉट वेगळे काढून वर ठेवा. एक्सपोर्टमध्ये टिक येत नाहीत. काकांनी रीड रिसीट बंद केली असेल तर त्यांना कोणीतरी हे आधीच वाचून दाखवलंय असं समजा.

सगळं झालं की पानांवर नंबर घाला, प्रत्येक पानावर सही करा, वर विषयसूची लावा आणि वडगाव मावळला वकीलसाहेबांकडे जा. ते गठ्ठा हातात तोलतात, दोन पानं उलटतात, पान तेरावर थोडं थांबतात आणि म्हणतात, ‘चांगलं काम केलंत. आता हे सगळं स्कॅन करून पीडीएफ व्हॉट्सअप करा. ई-फायलिंगला लागतं.’

स्कॅनिंगही त्याच दुकानात होतं. सुभेदारांना आधीच्या तारखेपर्यंतचा मजकूर माहीत आहे. तुम्ही रांगेत उभे राहिलात की ते पुढचं विचारतील.