'ही'मध्ये तीही

'माय ग्रँडमदर इज अ फार्मर. ही हॅज टू काउज.' असं लिहिणाऱ्या चौथीतल्या पोराचा अर्धा मार्क बाईंनी लाल पेनाने कापला. घोर अन्याय! पोरगं कायद्याला धरूनच होतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 8 सांगायचं, की 'ही' म्हणजे पुरुष किंवा स्त्री, कुणीही. 2023 च्या न्याय संहितेने त्यात तृतीयपंथीयांनाही सामावून घेतलं. सर्वनाम तेच ठेवलं. उगाच नवा खर्च कशाला?

आमची नम्र सूचना, की ही काटकसर घरोघरी पोहोचावी. हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर यंदा 'सर्व पुरुषांस आग्रहाचे निमंत्रण' असं छापावं. सुवासिनींनी आपापलं समजून घ्यावं.

मूळ शोध अर्थात साहेबाचा. कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात बायकाही आल्या, असं ब्रिटिश संसदेने 1850 सालीच ठरवून टाकलं. त्याप्रमाणे कर भरायला त्या आल्याच. पुढे मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक बायका मतदारयादीत नाव मागायला आल्या. 1868 मध्ये कोर्टाने बारकाईने विचार केला आणि निकाल दिला, की मतदानाच्या कायद्यातला 'मॅन' म्हणजे पुरुषच.

घरपट्टीच्या पावत्या मात्र वैध राहिल्या.