नल म्हणजे शून्य नव्हे

हिंगोलीत ज्याला संगणक कळतो तो 'सर' होतो आणि ज्याला तो दुरुस्त करता येतो तो 'मोठे सर'. पण ज्याला डेटाबेस कळतो त्याचं काय करायचं, हे गावाला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून आमच्या सरांना लग्नाच्या पंगतीत लोक विचारतात, "सर, प्रिंटर कोणता घ्यावा?"

सरांना मात्र जिल्ह्यातली डेटाबेसवाली माणसं एकत्र आणायची आहेत. २००७ साली अमेरिकेत ऑरलँडोला 'एसक्यूएल सॅटर्डे' सुरू झाला. स्वयंसेवकांनी भरवलेलं, फुकट शिकवणारं शनिवारचं शिबिर. ते वाचल्यापासून सरांची झोप उडाली. आमच्याकडे फक्त त्याचा रविवार करावा लागला. शनिवारी अर्ध्यांना मारुतीचा उपास, उपासाला भजे चालत नाहीत आणि भज्यांशिवाय माणसं येत नाहीत.

पहिल्या रविवारी मी साडेदहाला पोचलो. उसन्या क्लासरूममध्ये पंधरा खुर्च्या आणि सर.

"किती आले?"

"नल."

"म्हणजे शून्य?"

सर दुखावले. "शून्य म्हणजे कोणी आलं नाही हे नक्की. नल म्हणजे अजून माहीत नाही. फोनवर सगळे 'निघालोच की' म्हणालेत."

बारापर्यंत चौघं आली. सेनगावचा सेतू केंद्रवाला, मोंढ्यात हळदीच्या आडतीचा हिशेब संगणकावर ठेवणारा पोरगा, बँकेतले एक गृहस्थ आणि पुण्याच्या कंपनीचं काम वसमतला घरी बसून करणारी मुलगी. भज्यांचा अंदाज मात्र पंधरांचा होता. तो बॅकअप सरांनी आणि मी मिळून रिस्टोर केला.

नर्सी नामदेव इथून जवळ, त्यामुळे सरांचं व्याख्यान कीर्तनाच्या चालीवर जातं. एडगर कॉडने १९७० साली मांडलेलं रिलेशनल मॉडेल हा अभंग, पुढे दीड तास निरूपण, शेवटी भज्यांचा काला. दृष्टान्त सगळे घरचे. "आपला जिल्हाच बघा. १ मे १९९९ ला परभणीचं भलंमोठं टेबल फोडून पाच तालुक्यांचं वेगळं केलं. हेच पार्टिशनिंग!" टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बँकेतले गृहस्थ हसले, तेही तालुके बोटांवर मोजून झाल्यावर.

मग सरांनी फळ्यावर एकच नाव तीनदा लिहिलं. ज्ञानेश्वर. इंग्रजीत आधारवर 'डी'पासून, पासबुकात 'जी'पासून, टीसीवर 'जे'पासून. "माणूस एक, ओळी तीन, आणि अनुदान एकाही ओळीला नाही! म्हणून प्रायमरी की लागते."

आडतीतला पोरगा म्हणाला, "सर, आमच्याकडं उलटं आहे. एकाच नावाचे सात शेतकरी."

"मग ओळखता कसे?"

"बापाच्या नावावरून, नाही तर गावावरून. तेवढ्यानंही नाही भागलं तर ट्रॅक्टरवरून."

सर खडूसकट उडाले. "कंपोझिट की! कॉडला ठाऊक नसलेला ट्रॅक्टर कॉलम!"

हिशेबाची वही सर कधी दाखवत नाहीत. बॅनरचा, भज्यांचा, खुर्च्या आणणाऱ्या ऑटोचा खर्च त्यांच्या खिशातून. काकू म्हणतात, "या टेबलात नुसता डिलीटच दिसायलाय, इन्सर्ट कुठंय?" सर उत्तर म्हणून औंढ्याकडे बोट दाखवतात. "दुधाळ्याला लायगो होतंय. तिथं कृष्णविवरं धडकल्याची नोंद होणार. मग ज्ञानेश्वरची का होऊ नये?"

गेल्या महिन्यात मी अकराला गेलो. नऊ जण बसले होते. सर नव्हते, फोनही बंद.

"सर येणारेत का?" मी विचारलं.

"नल," सेतूवाला मान वर न करता म्हणाला आणि खडू घेऊन फळ्याकडे गेला.

अर्ध्या तासानं दारात भज्यांची पिशवी दिसली, तिच्यामागे सर. फळ्यावर जॉइन चालला होता, कुणी उठलं नाही. सर चपला काढून मागच्या खुर्चीवर बसले आणि शेजाऱ्याकडे वहीचं एक पान मागू लागले.