न पडणारे दात आणि पित्याची प्रतिष्ठा

दुधाच्या वीस दातांपैकी खालचे पुढचे दोन साधारणतः सहाव्या-सातव्या वर्षी पडतात आणि शेवटची दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास निरोप घेते, ही माहिती दंतशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. मात्र साडेसात वर्षांच्या मुलाचे सर्व दात जागच्या जागी असताना त्याच्या पित्याला सोसायटीचा जिना किती मान खाली घालून उतरावा लागतो, याची नोंद त्यांत आढळत नाही.

प्रस्तुत लेखक या उपेक्षित वर्गात मोडतो. मुलाचा पहिला दात वर्ष उलटल्यावर आला, तेव्हा ‘सावकाश येणारे दात टिकाऊ असतात’ असा सिद्धान्त त्याने नातेवाइकांत प्रसृत केला होता. आता ते खरोखरच टिकले असता आपला सिद्धान्त सिद्ध झाल्याचा आनंद त्याला घेता येत नाही. वस्तुतः ज्याचे दात उशिरा येतात, त्याचे ते बहुधा उशिराच पडतात, कारण खालून सरकणाऱ्या कायमच्या दाताच्या वाटेतील दुधाच्या दाताचे मूळ विशिष्ट पेशी हळूहळू विरघळवतात आणि मगच तो हलू लागतो.

येथे एका आनुषंगिक प्रश्नाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक घरी होती. परंतु सातव्या मजल्यावरील सदनिकेस कौले नसतात, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते, ऑनलाइन मिळतात त्या वाळलेल्या गोवऱ्यांचा गोळा वळत नाही आणि सज्जातून फेकलेला दात पार्किंगमधील कोणाच्या तरी मोटारीच्या टपावर पडून तंटा उद्भवण्याची शक्यता असते. लेखकाने सेक्रेटरींची लेखी परवानगी मिळवली असून ताज्या शेणासाठी एक गोठाही हेरून ठेवला आहे. आता केवळ दात पडणे बाकी आहे.

मुलाचे दुःख निराळे आहे. वर्गाच्या छायाचित्रात सगळे खिंडारे दाखवून हसत असताना तो तेवढा ओठ मिटून उभा राहतो, आणि ‘अजून एकही नाही पडला?’ हा प्रश्न मोठी माणसे त्याला गुणपत्रिका मागावी तशा सुरात विचारतात. ज्या गोष्टीत मुलाचे कर्तृत्व नाही आणि अपराधही नाही, तिच्यावरून त्याला मागे पडल्याची जाणीव करून देणे हा शुद्ध दुष्टपणा होय, आणि त्यात घरचा माणूसही सामील असतो.

आठवे वर्ष लागूनही एकही दात हलत नसेल, किंवा एका बाजूचा पडून सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा जोडीदार ढळत नसेल, तर दंतवैद्यांना दाखवावे; ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढल्यास कायमचा दात वाटेत आहे, की मुळातच तयार झालेला नाही, हे कळते. दात एकदा हलू लागला, की मुलाने तो जिभेने हलवत राहावे, असे दंतवैद्य सांगतात. तोवर पित्याने आपली जीभ आवरावी, हा पथ्याचा भाग मात्र प्रस्तुत लेखकास अद्याप साधलेला नाही.