बापू ऐकतात

२७ फेब्रुवारीला संध्याकाळी पुण्यात कवी मिळायला अडचण येत नाही. निवेदक मिळतो, अध्यक्ष मिळतात, शाल-श्रीफळ मिळतं, माइकवाला उशिरा का होईना येतो. मिळत नाही तो श्रोता. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्यामुळे वाचनालयं, पुस्तकांची दुकानं, शाळांची सभागृहं, सोसायट्यांचे क्लबहाउस, झालंच तर एखाद्या हौशी दंतवैद्याची गच्ची, अशी सगळीकडे एकाच वेळी काव्यवाचनं असतात. ज्याला लिहिता येतं तो त्या संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या यादीत असतो, आणि आपल्याला लिहिता येत नाही असं कबूल करणारा माणूस पुण्यात सहसा भेटत नाही.

बापू सोडून.

बापूंनी आयुष्यात कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. चारोळी नाही, मंगलाष्टक नाही, नातीच्या बारशाला पाळणा नाही. पाळणा लिहायचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्याकडून लिहून घेतला आणि स्वतः समोर बसून ऐकला. नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आर.एम.एस.ला. रात्रभर धावत्या गाडीच्या टपालाच्या डब्यात उभं राहून पत्रं वाटून खणात टाकायची. दुसऱ्यांनी लिहिलेलं बिनचूक पोचतं करायचं आणि त्यात आपलं काही घालायचं नाही, हा तिथला संस्कार. तो निवृत्तीनंतरही गेला नाही. खण तेवढे बदलले.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांच्याकडे निमंत्रणं यायला लागतात. हल्ली ती व्हॉट्सॲपवर येतात. वर कुसुमाग्रजांचा फोटो, खाली एकवीस निमंत्रित कवींची नावं आणि तळाला बारीक अक्षरात 'रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे'. ही बहुसंख्या म्हणजे बापू. ते प्रत्येक निमंत्रण पाठकोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून घेतात आणि चिठोऱ्या जेवणाच्या टेबलावर पिनकोडप्रमाणे मांडतात. नारायण, सदाशिव आणि नवी पेठ ४११०३०, कोथरूड ४११०३८. बाणेरच्या चिठोऱ्या हळूच बाजूला सारल्या जातात. "तिकडे जाऊन यायचं तर तेवढाच एक कार्यक्रम होतो. त्या वेळात इथे चार घरं होतात," असं त्यांचं म्हणणं.

मग फोन सुरू होतात.

"बापू, तुम्ही आमच्याकडे कितीला?"

"सहा पाच ते सहा पन्नास."

"शेवटपर्यंत थांबा ना. शेवटी आमची सौ. आहे."

"मग वहिनींना चौथं घ्या."

आणि घेतात. चौथ्या क्रमांकावर असलेल्या ज्येष्ठ कवींना 'समारोपाला तुमच्यासारखं वजनदार नाव हवं' असं सांगून एकविसाव्या जागी नेऊन बसवतात. पेठांमधल्या कार्यक्रमांचा क्रम कसा ठरतो याबद्दल नव्या कवींच्या मनात ज्या शंका असतात, त्यांतल्या निम्म्यांचं उत्तर बापूंच्या टेबलावर आहे.

दाद देणं हे बापूंचं शास्त्र आहे. लांब 'व्वा' कवितेसाठी, आखूड 'वा' कवीसाठी आणि डोळे मिटून दिलेला नुसता 'हं' अध्यक्षांसाठी राखीव. गझल असली तर काम सोपं. मतल्यात काफिया आणि रदीफ कळतात. पुढच्या शेरात गझलकार दुसऱ्या ओळीच्या टोकाशी आला की बापू काफिया त्याच्या आधी उचलतात. एकदा एका नवोदिताच्या बाबतीत त्यांनी उचललेला काफिया मूळच्यापेक्षा बरा निघाला. पोरगं क्षणभर थबकलं आणि मग त्याने तोच वाचला.

मुक्तछंदात मात्र कविता कुठे संपली हे कळत नाही. "कवीलाही कळत नाही, पण त्याच्यासमोर निदान कागद असतो," बापू म्हणतात. म्हणून ते कवीचा अंगठा बघतात. डायरी असेल तर अंगठा पान उलटायला कोपऱ्याकडे जातो. मोबाइल असेल तर वर सरकता सरकता थांबतो. अंगठा थांबला की 'व्वा'. मोबाइलमुळे कधीकधी घोटाळा होतो. मधेच स्क्रीन काळी पडते, अंगठा थांबतो, बापू 'व्वा' म्हणतात, त्यांच्यामागून सगळे टाळ्या वाजवतात आणि उरलेली अर्धी कविता वाचायची सोय राहत नाही. अशा कवितांचं बापूंना विशेष कौतुक आहे. आटोपशीर असतात म्हणे.

कार्यक्रम संपल्यावर कवी घोळक्यातून वाट काढत त्यांच्यापाशी येतात आणि 'कशी वाटली?' विचारतात. बापूंचं उत्तर ठरलेलं आहे: "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली." कवी खूश होऊन आपला संग्रह 'सप्रेम भेट' देतो. बापू तो दोन्ही हातांनी घेतात आणि पुढच्या ठिकाणच्या कवीला सप्रेम देतात. आपल्याला आलेलं टपाल त्यांनी कधी अडवून ठेवलेलं नाही.

त्या दिवसाची एक शारीरिक झीजही असते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी 'कणा' ही कविता म्हटल्याशिवाय पुण्यातला कुठलाही माइक बंद होत नाही. पुरात घर गेलेला विद्यार्थी सरांकडे पैसे मागत नाही, पाठीवर फक्त हात ठेवायला सांगतो, हे मराठी वाचणाऱ्या कोणाला सांगायला नको. पण हल्लीच्या तरुणांना ती नुसती म्हणून भागत नाही, करून दाखवावी लागते. ते व्यासपीठावरून उतरतात, मधल्या वाटेने थेट दारापर्यंत येतात आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या बापूंपुढे वाकतात. बापू हात ठेवतात. "एका संध्याकाळी चार पोरांच्या पाठीवर हात ठेवलाय मी," ते सांगतात. "एकाचाही कणा मोडलेला दिसला नाही. माझाच खांदा धरला."

बापूंचा खरा राग एकाच जातीवर आहे. तिला ते 'वाचली की सुटला' म्हणतात. पहिला कवी वाचतो, टाळ्या घेतो, मनगटावर बघतो आणि 'क्षमस्व, पुढे एका ठिकाणी नाव आहे' असं पुटपुटत चपला शोधायला लागतो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. सातवा वाचत असतो तेव्हा पहिले सहा रस्त्यावर असतात, आणि सातव्याचंही लक्ष घड्याळाकडे असतं. शेवटचा कवी वाचतो तो निवेदक, सतरंजी गोळा करायला आलेला माणूस आणि बापू यांच्यासमोर. एकदा असा एक गृहस्थ एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी तीच कविता घेऊन बापूंना भेटला. तिसऱ्या ठिकाणी तो अडला तेव्हा पुढची ओळ बापूंनी सांगितली.

"टपालाच्या डब्यात चढायचं, स्वतःचं पत्र तेवढं खणात टाकायचं आणि पुढच्या स्टेशनला उतरून जायचं, असा एकही सॉर्टर मी पाहिला नाही," बापू म्हणतात. दाराजवळची खुर्ची ते स्वतः घेतात खरे, पण दिलेल्या वेळेआधी त्या खुर्चीतून ते हलत नाहीत.

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला मी त्यांच्याबरोबर निघालो. कोथरूडच्या कार्यक्रमात माझंही नाव होतं, त्यामुळे त्यांना माझा रसिक म्हणून काही उपयोग नव्हता. सोबत म्हणून चाललो. लक्ष्मी रस्ता ओलांडून बाजीराव रस्त्याने टिळक रस्त्याकडे जाताना बापू बोलत होते. "हे आचार्य अत्रे सभागृह. आणि साहित्य परिषदेतलं ते माधवराव पटवर्धन सभागृह. म्हणजे माधव जूलियन. १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं, कवी चालीवर कविता म्हणायला लागले, लोक ऐकायला जमायला लागले. १९२५ला अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढून त्यांची यथेच्छ टिंगल केली. आता दोघांच्या सभागृहांत चालत दहा मिनिटांचं अंतर आहे, आणि मी एकातून उठून दुसऱ्यात जातो." थोडं चालून ते थांबले. "टिंगल कळायला मूळ कविता माहीत असावी लागते. लोकांना ती माहीत होती. आज कोणी कोणाचं विडंबन केलं, तर आधी मूळ कविता वाटत हिंडावं लागेल."

मग विषय निघाला विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांचा. हे तिघं मिळून गावोगाव कविता वाचत हिंडले आणि त्यांनी सभागृहं भरवली. बापूंनी हिशोब एका वाक्यात मांडला. "तेव्हा तीन कवी असायचे आणि मांडवभर माणसं. आता मांडवभर कवी असतात आणि मी."

नारायण पेठ झाली, टिळक रस्ता झाला, नवी पेठ झाली. डेक्कनला येऊन आम्ही मेट्रो धरली आणि आनंदनगरला उतरलो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बावीस कवी बसले होते. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून निवेदकांच्या प्रत्येक वाक्यात एक विशेषण वाढलं आहे. त्यामुळे 'अभिजात मायमराठीच्या अभिजात रसिकांनो' अशी सुरुवात झाली आणि सगळ्यांनी वळून बापूंकडे पाहिलं. तेव्हाच कोणाला तरी ते दिसलं.

बापूंच्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता.

कुजबुज खुर्च्यांखालून सरकत गेली. कवीच्या खिशात कागद असणं वेगळं. पण बापूंच्या? एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "या वयात सुचतं हो. आमच्या सासऱ्यांना सुचलं होतं." पाचव्या कवीने वाचताना तीनदा त्या खिशाकडे पाहिलं. नवव्याला दाद कमी मिळाली, तर त्याने तीही त्या कागदाच्या खात्यावर मांडली. शेवटी निवेदकाला राहवेना. "आज एक सुखद धक्का," तो म्हणाला, "आजवर आपल्याला ऐकत आलेल्या बापूंनी आपल्यासाठी काही तरी आणलं आहे."

"छे छे," बापू म्हणाले, "ती कविता नाही."

"प्रत्येक मोठा कवी हेच म्हणतो," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. बापूंना अक्षरशः हाताला धरून माइकपाशी नेलं. तिथे पोचल्यावर, आपल्या खिशात खरंच काय आहे हे लोकांना दाखवून मोकळं व्हावं एवढ्याच हेतूने त्यांनी घडी उलगडली आणि पत्ते वाचायच्या आपल्या जुन्या सवयीने, एकेक आकडा सुटा करत, वाचलं:

"चार एक एक शून्य तीन शून्य. साडेपाच. चार एक एक शून्य तीन शून्य. सहा पाच. चार एक एक शून्य तीन शून्य. सात. चार एक एक शून्य तीन आठ. सव्वाआठ. परत."

खोली स्तब्ध झाली. बापूंचा अंगठा थांबला होता. मग मागच्या भिंतीपाशी कोणीतरी लांब 'व्वा' म्हटलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की वॉचमन आत डोकावून गेला. "पुन्हा एकदा!" असा आग्रह झाला. बापू पुन्हा सांगत होते, "अहो, पिनकोड आहेत. आणि पोचायच्या वेळा." पण आता ते ऐकायला कोणी श्रोता उरला नव्हता.

अध्यक्षीय भाषणात इतर सगळ्या कवितांना मिळून एक परिच्छेद मिळाला. बाकीचा वेळ बापूंचा होता. आकड्यात बंदिस्त झालेला महानगरी माणूस, तीनदा येणारं निर्दय ध्रुवपद, आणि मग तो शून्याचा आठ होतो ते वळण! "तो आठ आला तेव्हा मला पेठ सुटल्याचं जाणवलं," असं म्हणताना अध्यक्षांचा आवाज भरून आला. ते तीस वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतून कोथरूडला राहायला आले होते. शेवटच्या 'परत' या शब्दावर तर त्यांनी पाच मिनिटं घेतली. माझी कविता कशी झाली हे मला कोणी सांगितलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली की नाही, एवढंही नाही.

परतीच्या मेट्रोत बापू बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. गरवारे कॉलेजच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, "तो 'परत' जरा घाईत गेला का रे?"

यंदा फेब्रुवारीच्या मध्यावर निमंत्रणं आली. पाचांपैकी चार पत्रिकांवर निमंत्रित कवींत बापूंचं नाव आहे. एकीवर तर अध्यक्षांच्या लगेच खाली. तळाशी 'रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' ही ओळ तशीच आहे, पण ती आता नेमकी कोणासाठी छापली आहे हे कोणाला ठाऊक नाही. आमच्या कोथरूडच्या कार्यक्रमाचं आयोजन यंदा माझ्याकडे आलंय, म्हणून मी सवयीने फोन केला.

"बापू, तुम्ही आमच्याकडे कितीला?"

"साडेसातला येतो. पण मला तिसरा घे. वाचून लगेच निघेन, पुढे नवी पेठेत नाव आहे."

"अहो, मग आमचं ऐकणार कोण?"

फोनवर थोडा वेळ चिठोऱ्या हलवल्याचा आवाज आला.

"असं कर," बापू म्हणाले, "बाणेरला विचारून बघ. तिकडे मी कधी गेलेलो नाही, एखादा शिल्लक असेल."