डक्टच्या पोटात

(कॅनडातलं मिसिसागा. बाहेर बर्फ, आत घर तापवणारा फर्नेस मेलेला. नवरा, बायको आणि पुण्याहून आलेल्या, दोन स्वेटर घातलेल्या आई.)

नवरा : फर्नेसवाला म्हणतोय, नवा बसवतोयच तर हवेचे डक्टही साफ करून घ्या. ५०० डॉलर.

बायको : त्याच्याकडे मशीन आहे?

नवरा : त्याच्या मेव्हण्याकडे आहे.

बायको : वाटलंच.

आई : करून घे रे. नवी सून यायची तर आपण घर झाडतो की नाही?

बायको : माझ्या वेळी झाडलं होतंत?

आई : अगं, रंग काढला होता, रंग!

नवरा : बघ ना, ९६ टक्के कार्यक्षमतेचा फर्नेस, आणि त्याची हवा असल्या धुळीतून जाणार!

बायको : पत्र्याला चिकटलेली धूळ तिथेच बसून राहते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए म्हणते, डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे कधी सिद्धच झालेलं नाही. आपल्या कॅनडाच्या गृहनिर्माण संस्थेनेही, सीएमएचसीने, घरं तपासली. हवेत म्हणावा तसा फरक नाही.

आई : सरकार इकडचं असो की तिकडचं, झाडू म्हटला की अंग चोरतंच.

नवरा : म्हणजे कधीच करायचं नाही?

बायको : करायचं की. बुरशी दिसली, उंदरांनी संसार थाटला, नाहीतर कचऱ्याने वाटच बुजली, तर. बेसमेंटचं काम चालू होतं तेव्हा जाळ्या झाकल्या होत्यास?

नवरा : तेव्हा वर्ल्ड कप चालू होता.

(फोन वाजतो.)

नवरा : हॅलो... डक्ट क्लीनिंग? ९९ डॉलरमध्ये अख्खं घर?

बायको : ठेव! माझ्या माहेरचेही इतकी विचारपूस करत नाहीत.

नवरा : पण आपण ‘डू नॉट कॉल’ यादीत नाव घातलंय!

बायको : त्यांनी यादी पाळली असती तर दूरसंचार नियामक सीआरटीसीला दंड का करावे लागले असते?

आई : तुमचं चालू द्या. (जमिनीतली जाळी उचलतात.) मोबाइलचा दिवा धर रे. ही पांढरी पूड, दोन स्क्रू, एक लेगो... आणि हा शेंगदाणा!

बायको : यंदाचा नाही. यंदा चिवड्यात काजू होते.

नवरा : बघ! ५०० डॉलर!

बायको : हातभर आत बघ, लख्ख पत्रा दिसतोय. उंदीर नाही, बुरशी नाही. व्हॅक्युमची नळी घाल, पाच मिनिटांचं काम. जुना फर्नेस निघाला की परतीच्या डक्टचा तळ उघडा पडेल, तेवढा फर्नेसवाल्याला साफ करायला सांग. उरलेल्या पैशांत सांधे बुजवून घेऊ. मॅस्टिकचा लेप नाहीतर फॉइलची टेप. ती राखाडी कापडी नको, उष्णतेने सुटते. फर्नेस चालू होता तेव्हाही गरम हवा बेसमेंटच्या छतात जायची आणि आई इथे कुडकुडायच्या.

आई : हे मात्र खरं.

बायको : आणि चार इंची फिल्टरची पेटी आत्ताच बसवून घ्यायची. एक इंचीत मर्व १३ दर्जाचा दाट फिल्टर कोंबला तर पंख्याचा दम कोंडतो.

नवरा : फिल्टर आहे की आपल्याकडे.

बायको : शेवटचा कधी बदललास?

नवरा : बघून सांगतो.

(खाली जातो. खरवडल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.)

बायको : सापडला का?

नवरा : (खालून) सापडला. वर तारीखही घातलीय.

बायको : कुठली?

नवरा : माहीत नाही गं. अक्षर आधीच्या मालकाचं आहे.